राग बॉलपर्यंतच

आमच्या गोल्फच्या मैदानावर एक तळं आहे. वर्षभर लोकांचे बॉल त्यात पडतात. डुबुक आवाज होतो, कुणी हळहळतं, कुणी शिवी देतं आणि पुढे जातं. मग मे महिन्यात पाणी आटतं आणि बघावं तर तळाला बॉलच बॉल! पांढरे, पिवळे, शेवाळलेले. किश्शांचंही तसंच असतं. मुद्दाम कुणी गोळा करायला जात नाही. वय झालं, डोक्यातलं पाणी जरा खाली गेलं, की आपोआप दिसायला लागतात.

मी बाळाराम. खेळणाऱ्याची बॅग वाहतो, म्हणजे कॅडी. डोंगराच्या पायथ्याशी हे मैदान झालं त्याच्या आधी याच उतारावर मी म्हशी चारायचो. तेव्हा म्हैस पुढे आणि मी मागे. आता साहेब पुढे आणि मी मागे. फरक एवढाच, की म्हैस कधी रागावली नाही!

मंगळवार-शुक्रवार सकाळी माझी तिघांची जोडी असते. तिघांची जोडी म्हणतात का, माहीत नाही, आम्ही म्हणतो. एक गुप्तेसाहेब. पंचाहत्तरीचे, उंच, हडकुळे, राहायला नेरूळला. पूर्वी बंदरातल्या धक्क्यांची बांधकामं बघायचे. दुसरे ठक्करशेठ. एपीएमसी मार्केटात त्यांचा कांद्या-बटाट्याचा गाळा. आता मुलगा बसतो तिथं, पण शेठचा आवाज अजून गाळ्यावरचाच आहे. तिसऱ्या माधुरी सिस्टर. मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होत्या.

सिस्टर गोल्फला कशा आल्या, हाच पहिला किस्सा. त्यांचा मुलगा महाप्याला कंपनीत मोठा ऑफिसर. त्याने हौसेनं घरच्यांसकट मेंबरशिप घेतली आणि एकदाही आला नाही. पहिल्या दिवशी सिस्टर साडी, बूट आणि खांद्याला शबनम पिशवी घेऊन उभ्या. मी विचारलं, "बाई, कधी खेळलाय का?"

"नाही."

"मग शिकायचंय का?"

"तसंही नाही हो. पैसे भरलेत, वाया कशाला घालवायचे!"

आता त्या आम्हा सगळ्यांत सरळ बॉल मारतात.

*

लोकांना वाटतं गोल्फ म्हणजे आरामाचा खेळ. टोपी घालायची, काठी फिरवायची, लिंबूसरबत प्यायचं. एकदा अठरा होल चालून बघा म्हणावं. चार-पाच तास ऊन, चढ, उतार. आणि पायांपेक्षा डोकं जास्त दमतं, कारण मघाशी चुकलेला फटका सगळा रस्ताभर सोबत चालत असतो.

गुप्तेसाहेबांचं हृदयाचं ऑपरेशन झालं, त्यानंतर ते पहिल्यांदा मैदानावर आले तो दिवस सांगतो. गाडीच्या डिकीवर बसून बुटाची नाडी बांधत होते. वाकता येत नव्हतं नीट. सिस्टर म्हणाल्या, "साहेब, एवढी घाई कशाला? अजून महिनाभर घरी बसा की."

साहेब नाडीकडेच बघत होते. म्हणाले, "सिस्टर, आमच्या सुलभाला विसरायचा आजार आहे, तुम्हाला माहीत आहे. कधी मला ओळखते, कधी नाही. मूलबाळ नाही आम्हाला. मी आधी गेलो तर ती कुणाला शोधेल?"

त्यांनी दुसऱ्या बुटाची नाडी ओढली.

"मला फक्त तिच्यानंतर जायचंय. आधी नाही. त्यासाठी जेवढं चालावं लागेल तेवढं चालेन."

ठक्करशेठ गप्प बसलेला मी तोवर पाहिला नव्हता. त्या दिवशी तो गप्प बसला. मग घसा खाकरून म्हणाला, "मग चला ना साहेब! बसून काय ऱ्हायलात?"

तेव्हापासून आमची जोडी गाडी घेत नाही. मैदानावर बॅटरीच्या गाड्या आहेत, बसून फिरता येतं. आम्ही चालतो. साहेबांकडे सुलभाबाईंना बघायला कमलमावशी येते, ती दुपारी जाते. त्याच्या आत साहेबांना घरी पोचायचं असतं. तेवढ्यात जेवढे होल होतील तेवढे.

*

चालायला लागले तसा दम सुधारला, पण साहेबांचा राग काही सुधारेना. गरीब माणूस, एरवी कुणाला अरे म्हणत नाही. पण बॉल वाळूच्या खड्ड्यात गेला की संपलं! एकदा खड्ड्यातून तीनदा मारला, तीनदा वाळूच उडाली. साहेबांनी स्टिक फेकली आणि तोंड लालबुंद करून उभे राहिले. ऑपरेशन झालेला माणूस! माझ्याच छातीत धडधडायला लागलं.

सिस्टर खड्ड्यात उतरल्या. स्टिक उचलून पुसली. म्हणाल्या, "आमच्या वॉर्डात पेशंट गेला की मलाही रडू यायचं. पण पुढच्या वॉर्डात दुसरा वाट बघत असायचा. मग मी कॉरिडॉर संपेपर्यंत रडायचे. दार आलं की डोळे पुसायचे आणि आत जायचं. आजपासून आपला नियम. राग बॉलपर्यंतच. रस्त्यात काय ते रागवा. बॉलपाशी पोचलात, की संपलं."

शेठला शंका आली. "आणि सिस्टर, बॉल लय लांब गेला तर?"

"लांब गेला तर चांगलाच मारलात की! राग कशाला?"

"आणि जवळच पडला तर?"

"मग जरा पटकन आवरा."

*

शेठचं म्हणणं, ताकद सगळी खाण्यात असते. मन-बिन काही नाही, पोट भरलेलं पाहिजे. एकदा मार्केटातून हापूसची पेटी घेऊन आला. पहिल्या होलवरच उघडली. "खा! आंब्यात जेवढी एनर्जी हाय तेवढी कशात नाय!"

आम्ही खाल्ले. खोटं कशाला बोला, मीही खाल्ले. रस कोपरापर्यंत गेला. हात गवताला पुसले आणि खेळायला लागलो.

शेठने दोन्ही पाय रोवले, कंबर वळवली, सगळी एनर्जी खांद्यात आणली आणि अशी जोरात स्टिक फिरवली, की काय सांगू! सूं करून आवाज झाला. आम्ही सगळे वर बघायला लागलो. बॉल कुठं दिसेना.

मी खाली बघितलं. बॉल जागेवरच होता. शेठचे हात रिकामे होते.

स्टिक लांबच्या करंजाच्या झाडात जाऊन अडकली होती. ती काढायला आम्हाला बराच वेळ लागला. पोरांसारखे दगड मारत होतो आणि मागून खेळत येणारी मंडळी विचारत होती, काय पाडताय? शेठ म्हणाला, "आंबे!"

आता आंबा शेवटचा होल झाल्यावर.

*

पाण्याची गोष्ट जरा लाजेची आहे, पण म्हाताऱ्या माणसांना लाज किती दिवस पुरणार?

एप्रिलमध्ये ऊन वाढलं आणि गुप्तेसाहेबांना तिसऱ्या-चौथ्या होलला चक्कर यायला लागली. तोंड सुकायचं, पाय लटपटायचे. मी बाटली पुढे करायचो. ते नुसता ओठ ओला करून परत द्यायचे. सिस्टरने दोन-तीन वेळा पाहिलं आणि एकदा झाडाखाली धरलं.

"पाणी का पीत नाही तुम्ही?"

"तहान नाही."

"जीभ दाखवा."

साहेबांनी लहान पोरासारखी जीभ दाखवली. सिस्टर म्हणाल्या, "खरं सांगा."

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी ढगाकडे बघायला लागलो. शेवटी हळूच म्हणाले, "सिस्टर, या वयात प्यायलं की लगेच जावं लागतं. इथं कुठं जाणार? तुम्ही असता."

सिस्टर एवढ्या मोठ्याने हसल्या, की पलीकडच्या होलवरचे लोक वळले. "अहो, चाळीस वर्षं मी पुरुषांना हेच विचारत आले, झाली का, झाली का! तुमचं मला काय नवीन असणार? प्या ते पाणी!"

मग आमची पद्धत पडली. साहेब झाडामागे गेले की सिस्टर डोंगराकडे तोंड करून उभ्या राहतात आणि मोठ्याने म्हणतात, "वा, काय सुंदर डोंगर आहे!"

त्या डोंगराचं एवढं कौतुक आमच्या गावातही कुणी केलं नसेल.

*

एकदा शेठच्या ओळखीचा एक तरुण मॅनेजर आमच्यात खेळायला आला. अंगावर सगळं नवीन. कानात ते बिनतारेचं यंत्र. म्हणाला, "अंकल, गोल्फ इज मेंटल. मी प्रत्येक शॉटआधी मेडिटेशन करतो." मोबाईलमधली बाई त्याला श्वास घ्यायला सांगायची, सोडायला सांगायची. आम्ही तेवढा वेळ उभे.

साहेब माझ्या कानात म्हणाले, "बाळाराम, कमलमावशी जायची वेळ होईल रे."

पण पोरगा मारायचा छान. एका होलला त्याने असा फटका मारला, की बॉल थेट ग्रीनच्या बारीक गवतावर, झेंड्यापासून हातभर. तो इतका खूश झाला, की डोळे मिटून उभा राहिला आणि मोबाईलमधल्या बाईला लावलं. या वेळी आवाज बाहेरच येत होता. बाई इंग्रजीत काहीतरी गोड बोलत होती.

तेवढ्यात एक कावळा उतरला. दोन पावलं चालला, मान वाकडी केली, बॉल चोचीत धरला आणि उडाला. अंडं वाटलं असेल बिचाऱ्याला.

पोराने डोळे उघडले. "माझा बॉल! अरे माझा बॉल!" म्हणून कावळ्यामागे पळत सुटला. मोबाईल गवतात पडला आणि बाई बोलतच होती.

शेठने साहेबांना विचारलं, "काय बोलतेय ही?"

साहेब म्हणाले, "म्हणतेय, जे जातंय ते जाऊ दे."

*

आमच्या घरची म्हातारी, म्हणजे माझी बायको, मैदानावर कधी आली नाही, पण कुंपणाच्या पलीकडून जाता-येता सगळ्यांना बघते. एक दिवस मला म्हणाली, "तो तुमचा उंच सायेब रोज सुकतच चाललाय. त्याला घरा कोनी खावाला घालीत नाय काय? उद्या माझे हातची भाकरी ने."

मी म्हटलं, "अगं, ते मोठे लोक. डब्यात काय काय असतं त्यांच्या."

"काय असतंय?"

खरं म्हणजे साहेबांच्या डब्यात उकडलेला दुधी असायचा. सुलभाबाईंना पथ्याचं लागतं, तेच दोघांना. मी सांगितलं.

म्हातारीने कपाळाला हात लावला. "दुध्यावर मानूस डोंगर चढल काय!"

दुसऱ्या दिवशी फडक्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. नवव्या होलनंतर झाडाखाली बसल्यावर मी भीतभीत फडकं पुढे केलं. साहेबांनी वास घेतला. डोळे मिटले. मग बोलायचं बंद करून सगळं खाल्लं आणि बोटं चाटली. "सुलभा अशीच करायची," एवढंच म्हणाले.

पुढच्या होलवर साहेबांनी बॉल मारला तो शेठच्या बॉलच्याही पुढे गेला. असं कधी झालं नव्हतं! शेठ कमरेवर हात ठेवून उभा. "साहेब, कंचं प्रोटीन घेता? मला नाव सांगा, मी पेटी मागवतो."

साहेब म्हणाले, "मागवा. पण तुमच्या घरात चालणार नाही."

*

माझा गुडघा सुजला तेव्हाची गोष्ट. मी कुणाला बोललो नव्हतो. हळूच लंगडत होतो. चौथ्या होलला साहेब थांबले आणि म्हणाले, "बॅग दे इकडे."

"नको साहेब, तुमचं ऑपरेशन झालंय."

"आणि तुझा पाय?"

"माझ्या पायाचं मी बघून घेईन. बॅग सोडा."

"तू सोड."

पट्ट्याचं एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या हातात. दोघंही सोडेनात. शेठ बघत राहिला. "मार्केटात आयुष्य गेलं माझं, पण हमाली मिळावी म्हणून साहेब भांडताना पहिल्यांदा बघतोय!"

सिस्टर आल्या. त्यांनी बॅग दोघांकडून काढून घेतली, जमिनीवर आडवी केली आणि एकेक स्टिक बाहेर काढायला लागल्या. "ही कशाला? ही कधी वापरता? आणि ही?" शेवटी तीन ठेवल्या. बाकीच्या क्लबहाउसवर पाठवून दिल्या. त्या तीन साहेबांनीच हातात धरल्या. मी पाण्याची बाटली घेतली. दोघंही रुसून चालत होतो.

त्या दिवशी साहेब एवढे सुरेख खेळले, की मलाही रुसवा धरवेना. कुठली स्टिक घ्यावी याचा विचारच करावा लागला नाही ना! जी हातात येईल तिने मारायचं.

शेठ म्हणाला, "म्हंजे बाकीच्या स्टिका इतकी वर्षं नुसत्या हवा खायला येत व्हत्या!"

*

एका शुक्रवारी साहेबांच्या मनगटाला पट्टी होती. मी बघितलं, विचारलं नाही. आपण होऊन सांगितलं त्यांनी, चालता चालता.

सकाळी सुलभाबाईंना चहा दिला. त्या दिवशी त्यांनी साहेबांना ओळखलं नाही. घरात परका माणूस शिरलाय असं वाटलं. भरलेला कप त्यांनी साहेबांच्या अंगावर फेकला. मनगट भाजलं.

"ओरडणार होतो मी, बाळाराम. अगदी जिभेवर आलं होतं. कधी कधी वाटतं, मी पण माणूसच आहे ना." थोडं चालले. "मग उठलो. हॉलमधून बाल्कनीपर्यंत गेलो. बाल्कनीतल्या कुंडीला हात लावला आणि परत फिरलो. राग बॉलपर्यंतच. पण आमचा फ्लॅट केवढासा. बॉल फारच जवळ पडला."

"मग काय केलंत साहेब?"

"दोनदा गेलो."

मी मान खाली घालून चालत राहिलो.

"परत आलो तर सुलभाने माझा हात धरला. म्हणाली, 'अहो, हे काय भाजून घेतलंत! एवढं कसं लक्ष नाही तुमचं?' आणि फुंकर घालत बसली. किती तरी वेळ."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, हो गं. जरा धांदरटच आहे मी."

*

आता मागच्या थंडीतली गोष्ट.

कमलमावशीच्या भाचीची हळद होती. साहेबांनी सिस्टरना फोन करून सांगितलं, या मंगळवारी मी येत नाही, सुलभाजवळ कुणी नाही. सिस्टर म्हणाल्या, "घेऊन या त्यांना. आम्ही तिघं आहोत की."

सुलभाबाई आल्या. सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, छातीशी घट्ट धरलेली पर्स. ताठ चालणं. मी साहेबांना म्हटलं, "बाईंचं चालणं बघा, आपल्यापेक्षा भारी." साहेब हसले. "चालेलच. वाशीच्या शाळेत पी.टी.च्या बाई होती ती. रिटायर होईपर्यंत मैदान सोडलं नाही."

सगळ्या रस्त्याने बाई विचारत होत्या, "घरी कधी जायचं?" साहेब दर वेळी नव्याने ऐकल्यासारखं सांगत होते, "हे काय, झालंच." एका हाताने त्यांना धरायचं, दुसऱ्या हाताने खेळायचं. खेळणं कसलं, नुसतं बॉल पुढे ढकलणं चाललं होतं. शेठ उगाच जोक करत होता. कुणी हसत नव्हतं.

आमच्याकडे एक चढाचा होल आहे. सगळ्यांचा दम तिथं निघतो. अर्ध्या चढावर साहेब थांबले. गुडघ्यांवर हात ठेवले आणि तसेच खाली गवतात बसले. तोंड पांढरं पडलं होतं. सिस्टर धावल्या. नाडी बघितली, डोळे बघितले. म्हणाल्या, "घाबरू नका, नाडी ठीक आहे. झोप झालेली नाही तुमची."

"चार रात्री नाही झाली," साहेब म्हणाले. गवताची एक काडी उपटून बोटाला गुंडाळत बसले. नंतर हळू आवाजात म्हणाले, "सिस्टर, नाही जमणार मला. हा चढ म्हणत नाही मी. तिच्यानंतर जाणं. तेवढं नाही पुरणार माझ्यात."

सिस्टरनी त्यांचं मनगट सोडलं नाही. शेठ टोपी काढून उभा राहिला. मी बाटलीचं झाकण उघडलं आणि हातात धरून बसलो.

सुलभाबाई चार पावलं वर उभ्या होत्या. त्या वळल्या. साहेबांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पर्स माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि दोन टाळ्या वाजवल्या. काय आवाज त्या टाळ्यांचा!

"ए! खाली बसलेला मुलगा! कुणी सांगितलं बसायला?"

साहेबांनी वर बघितलं.

"उभा राहा. नाव काय तुझं?"

साहेब गुडघ्यावर हात टेकून उठले. मग म्हणाले, "शरद."

"शरद काय? बाई म्हणायची पद्धत आहे की नाही?"

"शरद गुप्ते, बाई."

"कितवी?"

मागून शेठ म्हणाला, "सातवी ब!"

बाई गर्रकन वळल्या. "तुला विचारलं मी? ये, तू पण रांगेत ये. पोट आत घे. आणखी आत!"

शेठने पोट आत घेतलं. सिस्टर आपण होऊन रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. मी पर्स, बाटली, बॅग सगळं घेऊन शेवटी. बाईंनी साहेबांना खांद्याला धरून पुढे आणलं. "तू पहिला. मान वर. पायाकडे बघायचं नाही, वर झेंड्याकडे बघायचं. तोंड बंद, नाकाने श्वास. दमलास तर हळू चाल, पण बसायचं नाही. माझ्या तासाला कुणी बसत नाही. चला. डावा, उजवा, डावा, उजवा!"

आम्ही चढलो. बाई बाजूने चालत होत्या, साहेबांच्या पावलाला पाऊल लावून. साहेब हळू झाले की त्यांचा डावा-उजवाही हळू व्हायचा. मागून खेळत येणारी मंडळी खेळ थांबवून बघत होती. त्यातला एक जण हसला. शेठने रांग न मोडता मागे बघून असे डोळे वटारले, की तो लगेच गप्प झाला.

वर पोचलो. बाईंनी सगळ्यांना थांबवलं. साहेबांच्या समोर आल्या. कमरेचा पदर सोडवला आणि त्यांच्या कपाळावरचा, गळ्यावरचा घाम पुसला.

"शाब्बास. दम आहे तुझ्यात. घरी कोण कोण आहे रे तुझ्या?"

"बायको आहे, बाई."

"नीट बघते का तुझ्याकडे?"

साहेब त्यांच्याकडे बघत होते.

"बघते, बाई."

"मग तिला सांग, पी.टी.च्या बाईंनी निरोप दिलाय. या मुलाला रोज एक पोळी जास्त वाढायची. अजून पुष्कळ पळायचंय त्याला. सांगशील ना?"

"सांगतो, बाई," साहेब म्हणाले.